सगळे निजल्यावर

थंडीत आई माझ्याकडे पुण्याला आली की रात्रीची जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघी काहीतरी बघत बसतो. मालिकांचा तिला कंटाळा, मारामारीच्या सिनेमांचा मला. त्या रात्री मी यान ट्रोएल या स्वीडिश दिग्दर्शकाचा २००८ सालचा ‘एव्हरलास्टिंग मोमेन्ट्स’ लावला. आईच्या मांडीवर तुरीच्या शेंगांचं ताट होतं. पडद्याखालची इंग्रजी वाक्यं तिला पटापट वाचता येत नाहीत, म्हणून मी मधूनमधून सांगत होते, पण थोड्या वेळानं तिनंच हाताच्या खुणेनं मला गप्प केलं. शेंग सोलता सोलता तिचा हात थांबायचा, मग पुन्हा चालू व्हायचा. सिनेमा संपला, मी दिवा लावला. आता ती त्या दारुड्या नवऱ्याला चार शब्द सुनावणार, असं मी धरूनच चालले होते. तिनं टरफलं पिशवीत भरली, दाणे डब्यात ओतले आणि विचारलं,

“एवढ्या पोरांची आई ती. हे फोटो धुवायला तिला वेळ कधी मिळत असेल गं?”

“रात्री करत असेल,” मी म्हणाले. “सगळे निजल्यावर.”

“म्हणजे वन्संसारखं,” असं म्हणून ती झोपायला गेली. मी बराच वेळ तशीच बसून राहिले. हा सिनेमा पाहिलेल्या कुणाशीही बोललं की गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते: तिनं त्याला सोडलं का नाही? माझाही प्रश्न तोच होता. आईला तो पडलाच नाही. तिला पडला तो वेळेचा, पाण्याचा, घरात अंधार करायचा प्रश्न. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळल्या, तिलाच हा प्रश्न सुचू शकतो. तेव्हापासून तो माझ्याही मानगुटीवर बसला आहे.

सिनेमा स्वीडनमधल्या माल्मो या बंदराच्या शहरातला आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. मारिया लार्सनचा नवरा सिगफ्रिड गोदीत राबणारा, अंगानं दांडगा, घोड्यांवर जीव टाकणारा, माणसांना हसवणारा, आणि दारू चढली की बायकोवर हात उगारणारा. घरात एकामागून एक मुलं. मारिया लोकांच्या घरी साफसफाईला जाते, शिवण घेते. लॉटरीत लागलेला एक काँटेसा कॅमेरा कधीचा कपाटात पडून आहे. संप होतो, घरात पैसा येत नाही, तेव्हा ती तो विकायला फोटो स्टुडिओत नेते. तिथले पेडरसन वयस्क, हळू बोलणारे. ते कॅमेरा उघडून पाहतात आणि त्याचं भिंग काढून हातात धरतात. खिडकीच्या काचेवर एक फुलपाखरू फडफडतंय. भिंगातून त्याची प्रतिमा मारियाच्या तळहातावर पडते. दिवसभर धुण्या-पुसण्यात असलेल्या त्या हातावर इवलंसं फुलपाखरू पंख हलवत राहतं आणि ती ते बघत राहते. पेडरसन कॅमेरा ठेवून घेत नाहीत. आधी फोटो काढून तर बघा, असं सांगून तिला तो परत देतात, वर काचा आणि रसायनंही देतात. एवढ्या साध्या प्रसंगावर अख्खा सिनेमा उभा आहे. मोठमोठ्या चित्रकारांवरचे सिनेमे मी पाहिले आहेत. त्यांत रंग उधळणं असतं, कॅनव्हास फाडणं असतं. कला माणसाच्या घरात शिरते तो क्षण इतक्या हळुवारपणे दाखवलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ही बाई खरोखर होऊन गेली. ट्रोएल यांच्या पत्नी आग्नेटा यांच्या नात्यातली ती. तिच्या मुलीच्या, मायाच्या, तोंडून त्यांनी तिची हकीकत गोळा केली, आणि सिनेमातही मुलगीच आईची गोष्ट सांगते. ट्रोएल स्वतः माल्मोजवळचे, आधी प्राथमिक शाळेतले मास्तर. दिग्दर्शन करताना कॅमेऱ्यामागेही बहुतेकदा तेच उभे राहतात, आणि ते जाणवतं. कुठलंही दृश्य घाईनं संपत नाही. तपकिरी उजेड, ओल्या दगडांचं अंगण, वाळत घातलेले कपडे, पोरांच्या नाकातला शेंबूड. हा सिनेमा केला तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. इतक्या सावकाश बघायला बहुधा तेवढं वय व्हावं लागत असेल.

पण आईचा प्रश्न. मारियाच्या काळात घरच्या घरी फोटो करायचे म्हणजे काय काय करावं लागे ते मी नंतर बसून वाचलं. फोटो काचेवर यायचा. काचेच्या एका बाजूला चांदीच्या क्षारांचा चिकट थर असे, आणि त्याला उजेड लागला की संपलं. लाल उजेड त्या थराला दिसत नसे, म्हणून लाल काचेचा कंदील तेवढा चाले. खिडकीच्या, दाराच्या फटी बुजवायच्या. ताटलीत रसायन ओतून काच त्यात बुडवायची आणि ताटली एका लयीत हलवत राहायचं. हळूहळू डाग उमटतात. ज्या जागी आभाळ असेल ती आधी काळी पडते, चेहरे उलटे येतात, गोरे काळे आणि काळे गोरे. मग काच हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात टाकायची, आणि मग पाणी, भरपूर आणि पुष्कळ वेळ, नाहीतर पुढं डाग पडतात. धूळ बसणार नाही अशा जागी उभी करून वाळवायची. एवढं झाल्यावर कागदावर छापायचं काम उरतंच. हे सगळं अशा घरात, जिथं त्याच खोलीत पोरं झोपलीत, पाणी भरून आणावं लागतं आणि सकाळी पुन्हा लोकांच्या फरश्या पुसायला जायचंय. आईनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

आणि वन्सं म्हणजे माझी मोठी आत्या. साताऱ्यात तिचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. सासू, दोन दीर, शाळकरी पोरं, शिवाय कामासाठी गावाहून येऊन राहिलेलं कुणी ना कुणी. आत्या हलव्याचे दागिने करायची. संक्रांत जवळ आली की ओळखीपाळखीत जिथं जिथं नवी सून आलेली असे किंवा बाळाचं बोरन्हाण असे, तिथून निरोप येई. हल्ली तयार हलवा आणून त्याचे दागिने गुंफतात. आत्या हलवासुद्धा घरी करायची. मी तिच्याकडे झोपायला असले की रात्री कधीतरी जाग यायची आणि स्वयंपाकघराच्या दाराखालून उजेडाची रेघ दिसायची.

दार ढकललं की कोळशाचा आणि साखरेचा मिळून एक उबदार वास येई. शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख चढलेली. वर पितळेची परात, तिच्यात मूठभर तीळ. शेजारी वाटीत पाक, दूध घालून मळी काढलेला, पाण्यासारखा स्वच्छ. आत्या चमच्याभर पाक तिळांवर सोडायची आणि लगेच उजव्या हाताची बोटं परातीत गोल फिरवायला लागायची. दाबायचं नाही, घासायचं नाही, दाणा दाण्याला चिकटू द्यायचा नाही. ओले असेपर्यंत तिळांचा आवाज येत नसे. सुकत आले की परातीत बारीक खडखड सुरू व्हायची, आणि तो आवाज ऐकूनच ती पुढचा चमचा सोडायची. डोळे बहुतेक वेळ मिटलेलेच असायचे. निखारा जरा वर आला तर साखर पिवळी पडते, पाक जास्त झाला तर गोळा होतो आणि आलेले काटेसुद्धा विरघळतात. पहिल्या रात्री तिळावर नुसती पांढरी साय धरायची. मग खरखरीतपणा यायचा. कितीतरी बैठकांनंतर एखाद्या रात्री ती मला जवळ बोलवून एक दाणा तळहातावर ठेवायची आणि कंदिलाजवळ धरायला सांगायची. सगळ्या अंगानं काटे आलेले असायचे, एकसारखे, आरपार पांढरे. तिच्या बोटांची टोकं त्या महिन्यात लाल आणि गुळगुळीत झालेली असायची. तव्यावरची भाकरी उलटताना ती ‘स्स’ करायची ते मी पाहिलंय.

नंतर पुठ्ठा, सोनेरी कागद, सुई-दोरा. तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी. जावयासाठी हार आणि घड्याळ, बाळासाठी मुकुट आणि बासरी. काळ्या चंद्रकळेवर ते पांढरे दागिने घालून नवी नवरी बसायची आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाकून वाकून बघायच्या. दोन-तीन तासांचा कार्यक्रम. बाजूबंदाचे दाणे तिथंच एखाद्या पोराच्या तोंडात जायचे. उरलेलं डब्यात जाई, आणि पावसाळ्यात त्याला पाणी सुटे. काका तसे भले माणूस. ते म्हणायचे, “बाजारात मिळतो हलवा, एवढं जागरण कशाला?” त्यांनी कधी अडवलं नाही, आणि त्यांना कधी कळलंही नाही. आत्या उत्तर देत नसे.

सिनेमात मधेच माल्मोच्या बंदरात स्फोट होतो. तो खरा इतिहास आहे. १९०८ च्या जुलैत संप फोडायला आणलेले इंग्रज कामगार ‘अमाल्थिया’ जहाजावर होते, तिथं बॉम्ब ठेवला गेला, एक माणूस मेला. त्याच जुलैत इकडे टिळकांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर मला परळ-लालबागच्या चाळींतल्या खोल्या दिसायला लागल्या. नवरा संपावर गेलेल्या त्या बायकांतही कुणीतरी मारिया असणारच. तिच्या कपाटात कॅमेरा नसेल. कपाटच नसेल. तिच्याकडे जातं होतं आणि गळा होता, आणि पहाटेच्या अंधारात म्हटलेली तिची ओवी कुणी उतरून घेतली असली तर उरली, नाहीतर जात्याबरोबर थांबली.

कॅमेरा असलेलं एक घर मात्र त्याच काळात आपल्याकडे होतं, दादरला. फाळके विलायतेहून १९१२ साली कॅमेरा घेऊन आले आणि त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली. भांडवल देणाऱ्यांना ती दाखवायची होती. नंतर ‘राजा हरिश्चंद्र’चं काम सुरू झालं. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून साळुंके उभे राहिले, रोहिदास घरचाच पोरगा झाला, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा विचार मी पुरेसा केलेला नव्हता. तेव्हा कोरी फिल्म भोकं न पाडलेली यायची. यंत्रानं तिच्या दोन्ही कडांना भोकं पाडावी लागत, आणि तेही अंधारात. ते काम सरस्वतीबाईंनी केलं. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर ताणून उजेड परतवत उभं राहणं, फिल्म धुण्यात मदत, आणि रात्री ही भोकं. अंगावरचे दागिनेही त्यात गेले. ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनमध्ये पडदा उजळला तेव्हा प्रेक्षकांसमोरून धावणाऱ्या फितीच्या प्रत्येक भोकातून त्या बाईचं जागरण सरकत होतं. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त या घराची धमाल फार सुंदर आली आहे, आणि त्यातल्या सरस्वतीबाईही मला आवडतात. तरी मारियाला पाहिल्यापासून मी त्या घराकडे थोडी वेगळी बघते. मारियाचा कॅमेरा तिचा होता आणि घर नवऱ्याचं राहिलं. सरस्वतीबाईंनी सगळं घर कॅमेऱ्याच्या हवाली केलं, पण कॅमेऱ्यातून बघायची पाळी त्यांच्यावर कितपत आली? त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी होमाई व्यारावाला मुंबईत फोटो काढायला लागल्या, तेव्हाही त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावानं.

सत्कारसमारंभात कुणी बोलायला उभं राहिलं की बाईबद्दल एक वाक्य हमखास येतं: घरदार, मुलंबाळं सांभाळून ही कला जोपासली. टाळ्या पडतात. आत्यालाही एका महिला मंडळानं शाल-नारळ दिला होता तेव्हा हेच म्हटलं गेलं, आणि मी मागच्या रांगेत बसून धुमसत होते. पुरुषांबद्दलही म्हणतात की नोकरी सांभाळून कविता केल्या. पण नोकरीला सुटी असते, संध्याकाळी कचेरीचं दार बंद होतं. आत्याचं दार रात्री साडेदहाला बंद व्हायचं आणि पहाटे दूधवाल्याला उघडायचं. मधल्या वेळात तिनं झोपायला हवं होतं. आपण ज्याचं कौतुक करतो ती तिची कापून घेतलेली झोप आहे, एवढं तरी टाळ्या वाजवताना ध्यानात असावं. आणि तरीही मला हे सांगायलाच हवं की परातीवर वाकलेल्या आत्याचा चेहरा दिवसभरातल्या कुठल्याही आत्यापेक्षा मोकळा असायचा. तिची दया यावी असं त्यात काही नव्हतं. राग आणि हेवा एकाच वेळी वाटावा असं ते होतं. अजून वाटतं.

मारियानं नवऱ्याला सोडलं नाही. पेडरसन आणि ती यांच्यात काहीतरी उमलतं, दोघांनाही ते कळतं, आणि ते तिथंच राहतं. निवेदन करणाऱ्या मुलीलाही आई का थांबली याचं पुरतं उत्तर सापडत नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला या जागी सिनेमाचा राग आला होता. कलेनं तिला तिथून बाहेर काढायला हवं होतं, नाहीतर उपयोग काय? आता मला वाटतं, तो हिशोब कलेवर लादायचाच नाही. शेजारच्या बाईची मुलगी बुडून मरते आणि ती मारियाला लेकीचा फोटो काढायला सांगते, तो प्रसंग घ्या. शवपेटीत निजलेली मुलगी. मारिया काळजीपूर्वक कॅमेरा लावते. तिला रडू येत असणार, पण त्या वेळी तिला रडून चालत नाही, कारण नीट बघायचंय. त्या घरात तेव्हा प्रत्येकजण काहीतरी सोसतोय आणि एकटी मारिया पाहतेय, सगळ्यांच्या वतीनं. ते बघणं तिच्याकडून सिगफ्रिडला हिसकावून घेता येत नाही. तो कॅमेऱ्यावर चिडतो, पेडरसनवर संशय घेतो. तिच्या डोळ्यांपर्यंत त्याचा हात पोचत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मार बसत असलेल्या बाईला ती पुरेशी नाही. दोन्ही खरं आहे. सिनेमा दोन्ही तसंच ठेवतो, एकाचा दुसऱ्यावर उतारा म्हणून वापर करत नाही. म्हणूनच मी तो पुन्हा बघू शकते.

१९१४ च्या डिसेंबरात स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कचे तिन्ही राजे माल्मोत भेटले. युद्धात आपण पडायचं नाही हे जगाला दाखवायचं होतं. सिनेमात मारिया त्यांचाही फोटो काढते. गर्दीतून, माना वर करून बघणाऱ्यांच्या मधून. इतिहासाच्या पुस्तकांना हवे असतात ते राजे. मला मात्र तिचे घरातले फोटो जास्त आठवतात, खिडकीतल्या उजेडात बसवलेली तिची पोरं.

परवा आत्याला फोन केला. काका गेले, सासू तर कधीच गेली, मुलगा-सून बंगळुरूला. घरात ती एकटीच असते. म्हटलं, या संक्रांतीआधी मी येते, मला हलवा शिकव.

“ये की. पण रात्री बसायचं हं.”

“आता रात्री कशाला गं आत्या? आता तर सगळा दिवस तुझाच आहे.”

“दिवसा काटा येत नाही नीट. गारवा लागतो त्याला.” थोडं थांबून म्हणाली, “तेव्हा काय मी नुसती कामामुळं रात्री बसायचे होय? सासूबाई म्हणायच्याही, दुपारी कर, आम्ही बघू पोरांना. मीच नाही म्हणायचे. दुपारी केलं असतं तर दहा जणी येऊन बसल्या असत्या बघायला.”

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी इतकी वर्षं तिच्या वतीनं धुमसत होते, आणि तिनं त्या रात्री मागून घेतल्या होत्या. निदान काही तरी. सगळ्याच नसतील, कारण पुढच्याच वाक्यात ती म्हणाली की प्रकाशच्या मुंजीच्या वर्षी जागरणानं तिला चक्कर आली होती आणि घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. यातलं कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं, मला ठरवता येत नाही. तिला मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, ठरवायचं कशाला, शेगडी माळ्यावर आहे, ती उतरवायला कुणीतरी हवंय. खसखस महाग झालीय, तिळाचाच करू. साखर इथं आहे, कोळसा मात्र बघून आण.

“आणि नखं कापून ये,” फोन ठेवता ठेवता ती म्हणाली. “काटे मोडतात.”